वाटणी : बसवनगुडीपासून किल्लारीपर्यंत

जयनगरात राहणाऱ्या माणसाला साउथ एंड सर्कल ओलांडून बसवनगुडीत शिरताना शहर बदलल्यासारखे वाटत नाही. तेच सरळ रस्ते, तेच एकमेकांना काटकोनात छेदणारे ‘मेन’ आणि ‘क्रॉस’, तीच कडेची मोठी झाडे. तरीही दोन्ही वसाहतींच्या जन्मकथा अगदी निराळ्या आहेत. जयनगरचा पाया १९४८ साली, स्वातंत्र्यानंतरच्या उत्साहात घातला गेला. चक्रवर्ती राजगोपालाचारी तेव्हा गव्हर्नर जनरल होते आणि कोनशिला त्यांच्याच हस्ते बसली. बसवनगुडी त्याहून अर्ध्या शतकाने थोरली. तिची आखणी घाईने पुरी करण्याची वेळ प्लेगने आणली.

१८९६ साली मुंबईत दिसलेला प्लेग १८९७ च्या आरंभी पुण्यात पसरला आणि १८९८ च्या ऑगस्टमध्ये हुबळीकडून रेल्वेच्या वाटेने बंगळूरला पोहोचला. जुनी पेठ त्याला आयतीच सापडली. चिकपेट, बळेपेट, कॉटनपेट या भागांतल्या बोळांत घराला घर लागून होते, वारा नव्हता, उजेड नव्हता, आणि धान्याच्या वखारींमुळे उंदरांना तोटा नव्हता. त्याच बोळांत शिवणकाम आणि रंगकाम करणारी अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. शहाजीराजांच्या काळापासून या गावाशी जडलेले मराठी माणसाचे नाते दरबारापेक्षा बाजारपेठेत अधिक टिकले, हे येथे सांगायला हरकत नाही.

पुण्याने वर्षभर आधी काय भोगले ते बंगळूरच्या अधिकाऱ्यांना ठाऊक होते. पुण्यात प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर रँड यांनी घरझडतीसाठी गोरे सैनिक वापरले. माणसे देवघरापर्यंत शिरली, सामान रस्त्यावर आणून जाळले गेले, आजारी माणसाला आप्तांपासून तोडून छावणीत नेले गेले. रोग हटवण्याचा हेतू खोटा नव्हता. पण ज्यांचे प्राण वाचवायचे त्यांनाच संशयित ठरवून ते काम चालले होते. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, तो इतिहास शाळेच्या पाठ्यपुस्तकात येतो. त्याच साथीत रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले, हेही मुलांना शिकवले जाते. मात्र या दोन घटना सहसा दोन निरनिराळ्या धड्यांत येतात. एकाच शहरातल्या, एकाच संकटाला दिलेल्या त्या दोन प्रतिसादांची तुलना विद्यार्थ्यांनी क्वचितच केलेली असते. एकीकडे बंदूक घेऊन दार ठोठावणारी यंत्रणा होती. दुसरीकडे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी उघडलेल्या दवाखान्यात स्वतः रोगी पोहोचवणारी सासष्ट वर्षांची बाई होती.

म्हैसूर संस्थानाने प्लेग आयुक्त म्हणून नेमले ते व्ही. पी. माधवराव यांना. विश्वनाथ पाटणकर माधवराव हे कुंभकोणमचे. तंजावरच्या मराठी परंपरेतले. पुढे ते त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्यांच्या काळातही तपासण्या झाल्या, छावण्या झाल्या, लोक त्यांना बिचकले, गाव सोडून पळालेही. पण पेठ मोकळी करून लोकांना राहायला उघडी, हवेशीर जागा द्यायची, ही गोष्ट संस्थानाने मनावर घेतली. दक्षिणेला बसवनगुडी आणि उत्तरेला मल्लेश्वरम अशा दोन वसाहती आकाराला आल्या. मल्लेश्वरम हे नाव ज्या काडु मल्लेश्वर देवळावरून पडले, तेथे व्यंकोजीराजांचा १६६९ सालचा शिलालेख आहे. योगायोग एवढाच, पण बंगळूरच्या मराठी माणसाने तो लक्षात ठेवावा असा आहे.

या नव्या वसाहतींत रुंद रस्ते होते, गटारे होती, प्रत्येक घराभोवती मोकळी जागा होती. मात्र जागा कोणाला मिळाल्या हे पाहिले म्हणजे चित्र थोडे बदलते. वसाहतींचे गट पाडले गेले आणि ते जातिधर्मांप्रमाणे वाटले गेले. पेठेत ज्यांची आळी वेगळी होती त्यांची नव्या वसाहतीतही आळी वेगळीच राहिली, फक्त रस्ता रुंद झाला. शिवाय जागा घेऊन तीवर घर बांधण्याची ऐपत असणाऱ्यांचाच तेथे निभाव लागला. पेठेतला मजूर, हमाल, विणकर बहुतांशी पेठेतच राहिला. प्लेग येत-जात राहिला तेव्हा तो पुन्हा त्याच्याच दारी आला. बंगळूरच्या काही जुन्या वस्त्यांत प्लेग मारिअम्माची देवळे आजही पूजेत आहेत.

आपत्तीनंतर नवी वस्ती उभारताना जमिनीवर दोऱ्या ताणल्या जातात, चुन्याच्या रेघा मारल्या जातात. आणि त्या रेघांबरोबरच कोणाला किती, कोठे आणि कोणाच्या शेजारी हेही ठरून जाते. ते ठरवताना वस्तीत राहणाऱ्याला कोणी विचारले काय, हा प्रश्न बसवनगुडीच्या वेळी फारसा उपस्थित झाला नाही. पंचाण्णव वर्षांनी, मराठवाड्याच्या काळ्या मातीत बावन्न गावे नव्याने आखण्याची वेळ आली तेव्हा मात्र तो टाळणे कोणालाच शक्य झाले नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर धरणीकंप झाला. त्याचे हादरे मुंबई, हैदराबाद, मद्रास आणि बंगळूरपर्यंत जाणवले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून उशिरा घरी आलेली माणसे गाढ झोपेत होती. किल्लारी, मंगरूळ, तळणी, सास्तूर, राजेगाव, पेठसांगवी, होळी अशी कितीतरी गावे काही सेकंदांत ढिगाऱ्याखाली गेली. सरकारी नोंदीनुसार ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली. जखमींची संख्या त्याच्या दुप्पट होती.

हा प्रदेश तेव्हाच्या भूकंप-नकाशावर सर्वांत सुरक्षित पट्ट्यात मोडत असे. वास्तविक वर्षभर आधी, १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, किल्लारीच्या परिसरात लहान-मोठे हादरे बसत होते आणि माणसे काही दिवस घराबाहेर झोपतही होती. मग हादरे थांबले, पावसाळा आला, माणसे घरात परतली. धोक्याची सूचना मिळूनही तिचा उपयोग झाला नाही. नकाशावर विसंबलेली यंत्रणा आणि सवयीवर विसंबलेला माणूस, दोघांच्याही वाट्याला यातला दोष येतो.

मृत्यूचे प्रमाण एवढे का, याचे उत्तर घरांच्या बांधणीत होते. मराठवाड्यातले जुने घर म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती आणि वर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेले माळवद. उन्हाळ्यात थंड, थंडीत उबदार, आणि चोराचिलटांपासून सुरक्षित. दर पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती पडे. पिढ्यान्‌पिढ्या तिचा भार वाढत जाई. भिंतीतले दगड गोल, त्यांना आतून-बाहेरून एकत्र बांधणारा आरपार दगड क्वचितच घातलेला. जमीन हलली तेव्हा भिंती पोट फुटल्यासारख्या दोन्ही अंगांनी ढासळल्या आणि माळवदाची माती खाली आली. जेथे लाकडी खांब-तुळयांचे खण भक्कम होते तेथे भिंत पडूनही छत काही वेळ टिकले आणि माणसे वाचली. गावकुसाबाहेरच्या गवती-पत्र्याच्या झोपड्या हलक्या असल्यामुळे त्यांतली माणसे बरीचशी जगली. वाड्यातला मोठा शेतकरी मेला आणि झोपडीतला भूमिहीन वाचला, असे अनेक गावांत घडले. वाटणीच्या प्रश्नाला या वस्तुस्थितीने पुढे एक अवघड पीळ दिला.

पहिल्या काही दिवसांत मदतीची टंचाई नव्हती. टंचाई होती ती तिच्या वाटपात शहाणपण असण्याची. वर्तमानपत्रांत किल्लारीचे नाव आले, त्यामुळे गाड्याही किल्लारीकडे वळल्या. बघ्यांची आणि मदतकर्त्यांची एवढी गर्दी झाली की रस्ते अडले. त्यातच पाऊस लागला. घरांचीच लाकडे काढून सामुदायिक चिता रचाव्या लागल्या. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला भिजत पडले, आणि आडवाटेच्या गावांत साध्या ताडपत्रीची वाट पाहिली जात होती. देणाऱ्याचे मन मोठे असूनही घेणाऱ्याची गरज त्याला ठाऊक नसली म्हणजे असे होते. सैन्य, जिल्हा प्रशासन आणि स्वयंसेवक यांनी मिळून हा गोंधळ आवरला. तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार स्वतः तेथे तळ देऊन राहिले. लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीण परदेशी यांचे नाव त्या दिवसांच्या हकिकतींत वारंवार येते.

खरा प्रश्न ढिगारे उपसून झाल्यावर सुरू झाला. जागतिक बँकेच्या कर्जाच्या आधाराने महाराष्ट्र शासनाने मोठा पुनर्वसन कार्यक्रम आखला. गावांचे तीन वर्ग केले गेले. पहिल्यात सर्वाधिक हानी झालेली बावन्न गावे. ती जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवायची. दुसऱ्यात ज्यांची घरे त्याच जागी नव्याने बांधायची अशी गावे. तिसऱ्यात दोन हजारांहून अधिक गावे, जेथे घरांची दुरुस्ती आणि बळकटी करायची. कागदावर हे स्वच्छ दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक गावाला पहिल्या वर्गात जायचे होते. नवे घर मिळणे आणि दुरुस्तीचे पैसे मिळणे यांत मोठे अंतर होते, आणि पहिल्या यादीच्या काठावर राहून गेलेल्या गावाला आपली हानी शेजारच्या गावापेक्षा किती कमी, हे पटवून देणे कठीण होते. जे घर पडले नाही पण ज्याच्या भिंतीला चीर गेली, त्या घरात झोपणाऱ्याची भीती मोजायची कशाने?

पहिल्या वर्गातल्या गावांत घराचा आकार जमिनीवरून ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फुटांचे घर. एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० चौरस फुटांचे. सात हेक्टरांवर जमीन असणाऱ्याला ७५० चौरस फुटांचे. या निकषाची बाजू अशी की, ज्याचे जेवढे गेले त्याला त्या प्रमाणात मिळावे. शेतकऱ्याच्या घरात धान्य, अवजारे, बैल, गडीमाणसे यांची सोय लागते. त्यावरचा आक्षेप असा की, भूमिहीनाच्या घरातही सहा-सात माणसे असतात आणि त्यांना झोपायला तेवढीच जागा लागते. शासनाच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या घराने गावातली जुनी उतरंडच सिमेंटमध्ये पक्की करावी काय, असा प्रश्न तेव्हा कार्यकर्त्यांनी विचारला आणि तो रास्त होता. दुसऱ्या बाजूने हेही खरे, की ज्याला आयुष्यात पक्के छत मिळाले नव्हते अशा मजुराला प्रथमच स्वतःच्या मालकीचे घर मिळाले. आणि ते जमीनदाराच्या कृपेने न मिळता हक्काने मिळाले. बसवनगुडीत ऐपत नसलेला माणूस यादीतच नव्हता. किल्लारीत तो यादीत होता, खालच्या रकान्यात का होईना.

समानता आणि नुकसानभरपाई या दोन कल्पना एकाच योजनेत बसवताना ही ओढाताण अटळ असते. पण जमिनीचा निकष लावल्यावर दुसरी एक गोष्ट घडली, जिचा विचार बहुधा कोणी आधी केला नव्हता. एका आकाराची घरे एकत्र बांधणे कंत्राटाच्या दृष्टीने सोयीचे, म्हणून नव्या गावात २५०ची रांग एकीकडे, ४००ची दुसरीकडे, ७५०ची तिसरीकडे अशी मांडणी झाली. जुन्या गावात भावकी शेजारी-शेजारी असे, ओसरीवरून ओसरीवर हाक जाई. आता एका भावाला एक आकार आणि दुसऱ्याला दुसरा मिळाला की दोघे गावाच्या दोन टोकांना. म्हातारी आई एकीकडे, लेक-सून दुसरीकडे. नवे गाव जुन्या गावठाणापेक्षा कित्येक पटींनी पसरलेले. शहरी धर्तीचे सरळ रस्ते, कडेला विजेचे खांब, आणि सावली कोठेच नाही. शेत दूर गेले, विहीर दूर गेली. गुरांना गोठा नाही, कडब्याला जागा नाही. बायकांची आंघोळ, वाळवण, दळण-कांडण ज्या आतल्या चौकात होई तो चौकच नव्या घरात नव्हता. अनेक घरांपुढे वर्ष-दोन वर्षांत पत्र्याची शेड उभी राहिली आणि पक्क्या खोल्यांत कडबा नि धान्य गेले. एका गावात घुमटाकार घरे बांधून दिली गेली होती. ती भूकंपाला भक्कम, पण त्यांत भिंतीला टेकून कपाट उभे करता येईना.

बावन्नांपैकी कित्येक गावे देणगीदार संस्थांनी दत्तक घेतली. त्यामुळे शासनाचा भार हलका झाला, हे मान्य केले पाहिजे. पण प्रत्येक संस्थेचा नकाशा वेगळा, सामान वेगळे, घाई वेगळी. शेजारच्या दोन गावांत घरांची प्रत इतकी निराळी झाली की ‘आमच्या वाट्याला हीच संस्था का आली’ असा प्रश्न गावकरी विचारू लागले. दानाची वाटणी दात्याच्या मर्जीने झाली म्हणजे न्याय हा नशिबाचा भाग होतो.

नकाशे ग्रामसभेपुढे ठेवले जात नव्हते असे नाही. गावोगाव समित्या होत्या, सरपंच त्यांत होते, सह्या-अंगठे होते. मात्र आपल्या माणसांच्या मृत्यूला महिना-दोन महिने झालेल्या सभेला नकाशावरच्या निळ्या रेघा दाखवून ‘हे चालेल का’ असे विचारले, तर ती सभा मान हलवते. ज्याने आयुष्यात कधी नकाशा वाचला नाही त्याला तो वाचायला शिकवावा लागतो. त्याला वेळ लागतो, आणि वेळ कोणाकडेच नव्हता. पाऊस येत होता, पत्र्याच्या निवाऱ्यांत मुले आजारी पडत होती, विधानसभेत प्रश्न विचारले जात होते. घाईला कारणे होती, आणि ती सगळीच खोटी नव्हती.

वेगळी वाट सापडली ती तिसऱ्या वर्गातल्या गावांत, जिथे फारशी प्रसिद्धीही नव्हती. येथे घरे पाडायची नव्हती, बांधून द्यायचीही नव्हती. हानीच्या प्रमाणात सतरा हजार किंवा चौतीस हजार रुपये मालकाला हप्त्याहप्त्याने द्यायचे, आणि त्याने अभियंत्याच्या सल्ल्याने स्वतः घर बळकट करायचे, अशी योजना होती. प्रारंभी ती अडखळली. एका कनिष्ठ अभियंत्याकडे कित्येक गावे. तो आला तर सरपंचाच्या घरी चहा घेऊन परत जाई. लोकांचा विश्वास नव्हता. जुन्या दगडी भिंतीवर पैसे घालायचे कोणाच्या मनात येत नव्हते. त्या भिंतींनीच तर माणसे मारली होती. पैसे हाती आले की एखादी वेगळी सिमेंटची खोली बांधावी, हाच विचार घरोघरी होता. शिवाय पहिला हप्ता बँकेतून काढण्यासाठी, सिमेंटच्या पोत्यांसाठी, मोजमापासाठी कोणाकोणाला भेटायचे हे शिकलेल्यांनाच कळत होते.

तेव्हा शासनाने स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने गावागावांत ‘संवाद सहायक’ नेमण्याचे ठरवले. प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखाली काम करणाऱ्या या संस्थेने एक साधा आग्रह धरला, की हे सहायक गावातल्याच महिला मंडळांतून यावेत. बाराशेहून अधिक गावांत अशा स्त्रिया पुढे आल्या. त्यांतल्या पुष्कळजणी जेमतेम शिकलेल्या होत्या. काही विधवा होत्या. कित्येकींनी तोवर ग्रामपंचायतीची पायरी चढलेली नव्हती. शासन आणि घरमालक यांच्यामधला दुवा म्हणून त्यांना काम करायचे होते.

आरंभी गावाने त्यांना हसून घेतले. बायकांना सिमेंटमधले काय कळते, असा सूर होता. पण घर सर्वांत जास्त वापरते ती बाई, आणि कोणत्या कोपऱ्यात पाणी मुरते, कोणती तुळई वाकली आहे, माळवदावर किती वेळा माती टाकली गेली, हे तिलाच ठाऊक असते. या स्त्रिया भिंतीत आरपार दगड कसा बसवायचा, माळवदाची माती कमी का करायची, खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरके टेके कसे द्यायचे, हे शिकल्या आणि शेजारणींना शिकवू लागल्या. यादीत कोणाचे नाव गळले, कोणाच्या पदरात पहिला हप्ता पडून दुसरा अडकला, विधवेचा अर्ज कोणी दाबून ठेवला, याची त्या तोंडी नोंद ठेवत आणि कार्यालयात जाऊन विचारत. कार्यालयातल्या साहेबाला एकटी बाई भेटायला गेली तर बसायला सांगितले जात नसे; दहा जणी गेल्या की खुर्च्या येत, असा अनुभव त्यांना लवकरच आला असावा. कारण त्या पुढे नेहमी गटानेच जाऊ लागल्या.

सगळेच सुरळीत झाले असे नाही. जुन्या भिंतींवरचा अविश्वास शेवटपर्यंत पुरता गेला नाही. पुष्कळांनी पैसे नव्या खोलीतच घातले आणि जुने घर तसेच राहिले. तरी कार्यक्रमाच्या अखेरीपर्यंत दुरुस्त आणि बळकट झालेल्या घरांची संख्या जवळपास दोन लाखांवर पोहोचली. पहिल्या वर्गातल्या घरांची संख्या त्यापुढे लहान होती आणि दर घरी खर्च कितीतरी अधिक. छायाचित्रे मात्र नव्या वसाहतींचीच छापली गेली; दुरुस्त केलेली भिंत छायाचित्रात दिसत नाही.

या सगळ्यात मुलांचा वाटा कोणता, हा प्रश्न शाळेच्या ग्रंथात टाळता येणार नाही. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातल्या सुमारे बाराशे मुलांना पुण्यात नेऊन त्यांच्या शिक्षणाची आणि निवासाची जबाबदारी घेतली. वाघोलीचे त्यांचे संकुल त्यातूनच उभे राहिले. पन्नालाल सुराणा यांनी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ सुरू केले, म्हणजे मुले आपल्या मुलुखातच वाढतील. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने हराळी येथे जमीन घेऊन शाळा आणि शेतीचे काम सुरू केले. दूर नेऊन अधिक सोयी देणे बरे, की जवळ ठेवून थोड्यात भागवणे बरे, यावर दोन मते संभवतात. तीनही ठिकाणी शिकून मोठी झालेली मुले आज संसारी आहेत. कोणता मार्ग श्रेष्ठ याचा निवाडा केला जाईल तेव्हा त्यांची साक्ष आधी काढावी लागेल.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या अनुभवाचा उपयोग झाला. गुजरातने गावे उठवून नेण्यापेक्षा मालकाच्या हाती हप्त्याहप्त्याने पैसे आणि तांत्रिक मार्गदर्शन देऊन त्याच जागी घरे बांधण्यावर अधिक भर दिला. लातूर-उस्मानाबादच्या संवाद सहायक स्त्रिया कच्छच्या गावांत गेल्या, तेथल्या बायकांबरोबर बसल्या आणि आपल्याकडे काय चुकले ते त्यांनी सांगितले. भाषेची अडचण होती. पण हप्ता कसा अडतो, सिमेंट कोठे ओले होते, यादीत नाव कसे शोधायचे, हे दोन्हीकडच्या बायकांना सारखेच कळत होते.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर याच कामाची साखळी तामिळनाडूच्या नागपट्टिणम किनाऱ्यावर पोहोचली. नागपट्टिणम १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्यातच होते, आणि कुंभकोणम तेथून फार दूर नाही. माधवराव मूळचे ज्या मुलुखातले होते, त्याच मुलुखात प्लेगनंतर शंभर वर्षांनी मराठवाड्यातली मराठी बाई, एक अक्षर तमिळ येत नसताना, कोळ्यांच्या वस्तीतल्या बायकांना विचारत होती, की नव्या घराची जागा कोठे असावी असे तुम्हाला वाटते.